किनारा तोच, लांबी दुसरी : भूगोलाच्या पदवीला नेमके काय शिकतात?

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कोणालाही राज्याच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी विचारली, तर ७२० किलोमीटर हे उत्तर पाठ असल्यासारखे येते. केंद्र सरकारच्या जुन्या कोष्टकांत हाच किनारा ६५२.६ किलोमीटरचा होता आणि अलीकडच्या फेरमोजणीत तो ८७७.९७ किलोमीटरचा झाला. देशाचा एकूण किनारा तर ७,५१६.६ किलोमीटरवरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. ही बातमी वाचून अनेकांच्या मनात साहजिकच शंका आली, की समुद्राने जमीन खाल्ली म्हणून किनारा वाकडातिकडा होऊन वाढला, की कोठे भराव टाकून नवी जमीन तयार झाली? यांतले काहीही झालेले नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा जवळजवळ होता तेथेच आहे. बदलली ती फक्त मोजपट्टी.

बारावीच्या निकालानंतर कोकणातल्या पुष्कळ घरांत एक संवाद ठरलेला असतो. मुलगा किंवा मुलगी भूगोल घेऊन पदवी करू म्हणते आणि घरातले वडीलधारे विचारतात, ‘नद्या आणि राजधान्या पाठ करून काय होणार?’ प्रश्न रास्त आहे, कारण शाळेतला भूगोल बहुतेकांच्या लक्षात राहतो तो तसाच. विद्यापीठातला भूगोल मात्र पाठांतराच्या पुढे जाऊन एखादा आकडा कोणत्या मापाने, कोणत्या वेळी आणि कोणत्या क्षेत्रासाठी काढला, हे विचारायला शिकवतो. ती सवय लागली की किनाऱ्याच्या लांबीचे कोडे सुटते आणि कोकणाबद्दल आपण गृहीत धरलेल्या इतर अनेक गोष्टीही वेगळ्या दिसू लागतात.

मोजपट्टी बदलली की लांबी का बदलते?

पपईचे एक मोठे पान घ्यावे आणि त्याची कड मोजावी. वीतभर लांबीच्या काडीने मोजली, तर काडी पानाच्या एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकावर टेकते आणि मधल्या खाचा सुटून जातात. तीच कड शिवणाच्या दोऱ्याने मोजली, तर दोरा प्रत्येक खाचेत शिरून बाहेर येतो आणि लांबी कितीतरी जास्त भरते, जरी पान तेच असले.

नकाशाच्या बाबतीत काडीचे काम ‘नकाशाप्रमाण’ करते. नकाशाप्रमाण म्हणजे नकाशावरचे अंतर आणि जमिनीवरचे प्रत्यक्ष अंतर यांचे गुणोत्तर. किनाऱ्याची जुनी मोजणी १ : ४५,००,००० या प्रमाणावरची होती, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरच्या ४५ किलोमीटरांइतका. नवी मोजणी १ : २,५०,००० या प्रमाणावर झाली, म्हणजे एक सेंटिमीटर अडीच किलोमीटरांचा. अर्धा किलोमीटर रुंदीच्या खाडीमुखाचा विचार केला, तर जुन्या नकाशावर ते जेमतेम एक दशांश मिलिमीटर भरेल, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेतच गडप होईल. नव्या नकाशावर तेच मुख दोन मिलिमीटरांचे असेल. तेथे रेषा आत वळेल, खाडीच्या एका काठाने वर जाईल आणि दुसऱ्या काठाने परत येईल. कोकणात अशा खाड्या थोड्याथोडक्या नाहीत, त्यामुळे सव्वादोनशे किलोमीटरांची भर पडली यात नवल नाही.

हा पेच केवळ आपला नाही. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला असे आढळले होते, की स्पेन आणि पोर्तुगाल यांची सामाईक सीमा एका बाजूच्या नोंदीत ९८७ किलोमीटर आहे, तर दुसऱ्या बाजूच्या नोंदीत १,२१४ किलोमीटर. दोघेही आपापल्या काडीने खरेच मोजत होते. भावकीतला बांध मोजताना होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजायला फार वेळ लागू नये.

यावर असा आक्षेप येतो, की मग खरी लांबी कोणती ते एकदा ठरवून का टाकत नाहीत? याचे उत्तर असे, की काडी आणखी लहान केली की लांबी आणखी वाढते, आणि प्रत्येक खडकाभोवती दोरा फिरवू लागलो तर मोजणी संपणारच नाही. म्हणून लांबी सांगताना प्रमाण सांगणे भाग असते आणि प्रमाण न सांगता दिलेला आकडा अपुरा असतो. पदवीच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी नेमके हेच करतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १ : ५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा पुढ्यात घेऊन दोऱ्याने आणि कर्कटकाने अंतरे मोजतात, समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवरून, डोंगराचा छेद काढतात आणि वहीत हात काळे करून घेतात. अनेकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण त्याला पर्याय नाही असे माझे मत आहे.

मुळात एवढ्या खाड्या आल्या कोठून?

हा प्रश्न विचारला, की आपण प्राकृतिक भूगोलात शिरतो. जमिनीचे रूप, हवामान, पाणी, माती आणि वनस्पती हे सारे जसे आहे तसे का आहे, याचा अभ्यास म्हणजे प्राकृतिक भूगोल.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमकाळात, जगाचे पुष्कळसे पाणी बर्फात अडकलेले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या तेव्हा आजच्या किनाऱ्याच्या पलीकडे, आता पाण्याखाली असलेल्या जमिनीवरून वाहत होत्या. बर्फ वितळले, समुद्र वर चढला आणि त्या नद्यांच्या दऱ्यांत खारे पाणी शिरले. ओल्या वाळूत बोटांनी रेघा ओढाव्यात आणि लाटेचे पाणी येऊन त्याच रेघांत भरावे, तसेच हे घडले. वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली या नद्यांच्या मुखाशी असलेल्या खाड्या अशा बुडालेल्या दऱ्यांच्या आहेत.

या नद्या आखूड का, हेही पाहण्यासारखे आहे. महाबळेश्वरला कृष्णा, कोयना आणि सावित्री यांचे उगम एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर मानले जातात. कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते; सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोट-हरिहरेश्वरापाशी अरबी समुद्रात जाते. दोन नद्यांचे पाणी वेगळे करणाऱ्या उंच रेषेला जलविभाजक म्हणतात आणि सह्याद्रीचा माथा हा आपला जलविभाजक आहे. तो किनाऱ्याच्या इतका जवळ असल्यामुळे कोकणातल्या नद्यांना पसरायला, रमायला जागाच मिळत नाही. डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो. ही गोष्ट पुढे चिपळूणकडे जाताना लागणार आहे.

पावसाचेही तसेच. नैर्ऋत्येकडून आलेले बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, चढताना थंड होतात आणि पाणी सोडून देतात. याला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आंबोलीत सात हजारांच्या आसपास आणि घाट ओलांडून माण-खटावकडे गेले की जेमतेम पाचशे. शाळेत हे सारेच शिकतात. ‘मग कोकणात पाणी भरपूर असणार’ हा सोपा निष्कर्ष मात्र शाळेत कोणी तपासून पाहत नाही.

इतका पाऊस पडूनही एप्रिलमध्ये टँकर का?

तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर तीन हजार लिटर पाणी. या हिशेबाने हजार चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी पडते. तरीही सड्यावरच्या, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावरच्या, आणि डोंगरउतारावरच्या कित्येक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत हंडा घेऊन खाली उतरावे लागते किंवा टँकरची वाट पाहावी लागते.

कारण जांभ्यात आहे. कोकणाच्या बहुतेक भागात खाली काळा बेसाल्ट खडक आहे, जो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनला. उष्ण आणि दमट हवेत तो फार दीर्घ काळ कुजत राहिला, त्यातील सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि तांबडा, भोकाभोकांचा जांभा तयार झाला. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, म्हणून त्याचे चिरे काढून घरे बांधता येतात. पण पाण्याच्या दृष्टीने जांभा म्हणजे तांदूळ धुवायची रोवळी. वरून कितीही ओता, क्षणभर भरल्यासारखी दिसते आणि खालून सारे निथळून जाते. निथळलेले पाणी जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर पोहोचते, तेथून आडवे सरकते आणि डोंगराच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळते. दिवाळीपर्यंत खळखळणारे हे झरे शिमग्यापर्यंत बारीक होतात.

म्हणजे कोकणाची अडचण पावसाच्या कमतरतेची नसून साठवणीची आहे. वर्षाचा आकडा पाहिला तर सुकाळ दिसतो, महिन्यांचे आकडे पाहिले तर टंचाई दिसते. किनाऱ्याच्या मोजणीत अंतराची काडी होती, येथे काळाची काडी आहे.

हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, म्हणजे नेमके काय?

माणसे कोठे राहतात, का राहतात, काय पिकवतात, कोठे जातात आणि जमिनीचा कसा उपयोग करतात, याचा अभ्यास म्हणजे मानवी भूगोल. त्याची चव घ्यायला २०११ च्या जनगणनेतला रत्नागिरी जिल्हा पुरेसा आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत हाच आकडा ११२२ होता. हा आकडा पुढे करून ‘आमच्याकडे मुलींना मान आहे’ असे भाषणांतून ऐकू येते. ते खरे असेलही, पण या आकड्यावरून ते सिद्ध होत नाही, कारण त्याच जनगणनेत जिल्ह्यातल्या सहा वर्षांखालील मुलांमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा कमीच होती. मग मोठ्या वयात स्त्रिया जास्त कशा झाल्या? त्या वाढलेल्या नसून पुरुष जिल्ह्याबाहेर गेलेले आहेत.

चाकरमानी हा शब्दच या स्थलांतराचा दस्तऐवज आहे. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि घरकाम यांसाठी कोकणातून माणसे जात राहिली, मनीऑर्डरी गावी येत राहिल्या आणि शेती घरातल्या बायकांनी व म्हाताऱ्यांनी सांभाळली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस सरले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, तरी माणसे परतण्याऐवजी कुटुंबेच हलू लागली. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली आणि सिंधुदुर्गाचीही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ झाली. देशभर लोकसंख्यावाढीची चिंता चाललेली असताना या दोन जिल्ह्यांत शाळांचे पट रोडावत होते.

२०११ च्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्चच्या आदल्या मध्यरात्रीचा होता आणि पुढची जनगणनाही १ मार्च २०२७ हाच दिवस धरून व्हायची ठरली आहे. १ मार्चला चाकरमानी मुंबईत असतो. हीच गणना गणेश चतुर्थीच्या दिवशी केली, तर कित्येक गावांची लोकसंख्या पुष्कळ वाढलेली दिसेल आणि बंद घरांच्या यादीतली कुलुपे निघालेली असतील. यात जनगणनेचा दोष नाही, कारण कोणता तरी एक दिवस धरावाच लागतो. परंतु गावाची पाणीयोजना आखताना फक्त मार्चचा आकडा धरला, तर चतुर्थीला आणि मे महिन्यात नळ कोरडे पडतात, आणि नेमका मे महिना हा झरे आटण्याचा असतो. मानवी आणि प्राकृतिक भूगोल एकत्र का शिकवतात, हे येथेच लक्षात यावे.

कातळाने माणसाला घडवले की माणसाने कातळाला?

हा भूगोलातला जुना वाद आहे. निसर्ग जसा असेल तसे माणसाचे जीवन घडते, या मताला निसर्गवाद म्हणतात आणि त्याच्याशी जर्मन भूगोलज्ञ फ्रीडरिख रात्झेल यांचे नाव जोडले जाते. निसर्ग फक्त शक्यता पुढे ठेवतो, त्यांतली कोणती उचलायची हे माणूस ठरवतो, या मताला शक्यतावाद म्हणतात आणि ते फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाश यांच्या नावाशी जोडले जाते.

वर्गात हे दोन परिच्छेद पाठ करून विद्यार्थी परीक्षा पास होतात आणि विसरून जातात. सड्यावर उभे राहून हेच समजून घेतले, तर विसरता येत नाही. एकच जांभ्याचा कातळ आहे. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे येथे प्राचीन माणसाने त्यावर चित्रे कोरली. ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पुढच्या पिढ्यांनी त्याच कातळावर गुरे चारली आणि पावसाळ्यात उगवणारे गवत कापून नेले. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांनी सुरुंग लावून त्याच कातळात खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूस लावला. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने या लागवडीला बळ दिले आणि २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. आता त्याच सड्यांवर कोठे चिरेखाणी चालू आहेत आणि कोठे मोठ्या प्रकल्पांसाठी जागा पाहिली जाते. कातळ बदलला नाही. बदलली ती गरज, भांडवल आणि कायदा. यावरून शक्यतावाद पूर्ण जिंकला असेही नाही, कारण खड्ड्यात माती बाहेरून आणावी लागली, ती कातळाने दिली नाही, आणि त्या कलमांना पहिली काही वर्षे पाणी घालायला पुन्हा तोच एप्रिल आडवा येतो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर

२१ आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. ‘अतिवृष्टी झाली म्हणून पूर आला’ हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. सह्याद्रीच्या उतारावर पडलेले पाणी वेगाने खाली आले, हे आखूड नदीचे लक्षण झाले. चिपळूणपर्यंत भरतीचा प्रभाव पोहोचतो; जुन्या काळी गलबते गोवळकोटच्या धक्क्याला लागत, ती याच भरतीवर. म्हणजे पूर आणि भरती एकाच वेळी आली, तर खालचे दार बंद असते. पात्रात गाळ साचलेला होता आणि शहरातून वाहणारी शिव नदी वाशिष्ठीला मिळते, तेथेच दाट बाजारपेठ वसलेली आहे.

याशिवाय कोयनेचे पाणी आहे. कोयना नैसर्गिकरीत्या कृष्णेची उपनदी, पण धरण बांधून आणि बोगदे खणून तिचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवले जाते, त्यावर वीज तयार होते आणि पुढे ते वाशिष्ठीत जाते. निसर्गाने आखलेला जलविभाजक माणसाने बोगद्यातून ओलांडला, म्हणून वाशिष्ठीचा अभ्यास केवळ वाशिष्ठीच्या खोऱ्यात बसून पुरा होत नाही. त्या रात्री कोणत्या कारणाचा वाटा किती, हे सांगायला पाऊस, विसर्ग आणि भरती यांच्या तासागणिक नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी नेमके हेच शिकतात. चहाच्या टपरीवर प्रत्येकाचे एकच कारण असते.

पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा हे शब्द घरोघरी पोहोचले. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द म्हणजे लाल रेषा. येथे मोठा गैरसमज होतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की आता नातवंडांच्या काळापर्यंत निश्चिंती, असा नाही. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक इतकी शक्यता, आणि ती दर वर्षी नव्याने. या हिशेबाने लाल रेषेच्या काठावर घर बांधून तीस वर्षे राहणाऱ्याला असा पूर एकदा तरी पाहावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे, म्हणजे चारांत एक. निळ्या रेषेच्या काठावर हीच शक्यता सुमारे ७० टक्के होते. घरासाठी कर्ज घेताना हा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही, तो आपणच मांडावा लागतो. त्यातही ही गणिते जुन्या पावसाच्या नोंदींवर आधारलेली असतात आणि पावसाचे स्वरूपच बदलत असेल, तर रेषा पुन्हा तपासाव्या लागतात.

वरून दिसणारे हिरवे सारे जंगलच असते का?

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे निसर्ग जपण्यासाठी खाणी-बांधकामांवर बंधने घालायच्या भागाचा, वाद कोकणात अनेक वर्षे चालू आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, आणि केंद्राने मसुदा अधिसूचना सहाव्यांदा काढली ती ३१ जुलै २०२४ रोजी. त्या मसुद्यात सहा राज्यांतले ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर आहे.

बाजू कोणतीही घ्यावी, पण रेषा कशी आखली गेली हे समजून घ्यायला भूगोल लागतो. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीची माहिती काढण्याला सुदूर संवेदन म्हणतात आणि ती माहिती नकाशावर थरांच्या रूपाने रचून तपासण्याच्या संगणकीय पद्धतीला भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, म्हणतात. जीआयएसची कल्पना अवघड नाही. एका पारदर्शक कागदावर नद्या, दुसऱ्यावर घरे, तिसऱ्यावर उतार काढावा आणि तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरावेत. उतारावरची आणि नदीलगतची घरे आपोआप उठून दिसतात.

अडचण अशी, की आंब्या-काजूची बाग वरून हिरवीच दिसते आणि जंगलही हिरवेच. कस्तुरीरंगन समितीने म्हणूनच नैसर्गिक भूदृश्य आणि शेती, वस्ती, बागा यांचे सांस्कृतिक भूदृश्य असा फरक केला. त्यानंतर प्रश्न आला एककाचा. संवेदनशील भाग नकाशावर ठिपक्याठिपक्यांनी असतो, पण अंमलबजावणी गावागावाने होते, त्यामुळे गावाचा ठरावीक हिस्सा त्यात आला की अख्खे गाव यादीत येते. ज्याची जमीन गावाच्या दुसऱ्या टोकाला खाडीकाठी आहे, त्याला आपला यात काय संबंध असे वाटणे स्वाभाविक आहे. काडी कोणती धरली यावर येथे एका कुटुंबाचा बांधकाम परवाना अवलंबून राहू शकतो.

मोबाइलमध्ये नकाशा असताना हे शिकायचे कशाला?

मोबाइलचा नकाशा दोन ठिकाणांमधले अंतर चटकन सांगतो आणि त्याचा मला रोज उपयोग होतो. पण दाभोळहून समोरच्या धोपाव्याला फेरीबोटीने काही मिनिटांत पोहोचता येते आणि रस्त्याने जायचे तर सारी खाडी वळसा घालून चिपळूणच्या बाजूने यावे लागते. या दोन अंतरांतल्या फरकाने गेल्या शंभर वर्षांत कोणत्या गावात बाजार टिकला, कोठे लग्ने जुळली आणि कोणत्या गावची मुले कोठल्या शाळेत गेली, हे तो नकाशा सांगत नाही. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे पूल या खाड्यांवर झाले की हे संबंध पुन्हा बदलतील. बोटीवर पोट असलेल्यांचे काय, किनाऱ्यालगतच्या जमिनी कोण घेतो आहे आणि भरतीरेषेपासून किती आत बांधकाम चालेल, हे प्रश्न विचारायला माणूस लागतो.

अभ्यासक्रम, शाखा आणि नोकरीची गोष्ट

विषयांची नावे व क्रम विद्यापीठागणिक बदलतात, पण सांगाडा साधारण सारखा असतो. सुरुवातीला भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सागरशास्त्र आणि मानवी भूगोलाची ओळख. मग लोकसंख्या, वस्ती, शेती आणि अर्थव्यवहार यांचे भूगोल. त्याबरोबर नकाशाशास्त्र आणि संख्याशास्त्र. शेवटी जीआयएस, प्रादेशिक नियोजन आणि स्वतःचा प्रकल्प. कोठे हा विषय कला शाखेत मिळतो, कोठे विज्ञान शाखेत, आणि यावरून घरात चालणारा वाद मला निरर्थक वाटतो, कारण भूरूपशास्त्राचा तास विज्ञानाचाच असतो आणि गावातल्या मुलाखती समाजशास्त्राच्याच. भूशास्त्राशी मात्र घोटाळा करू नये. जांभा कशाचा बनला हे भूशास्त्रज्ञ खोलात पाहतो. त्या जांभ्यावर राहणाऱ्याला पाणी कोठून मिळते, हे भूगोलाचा विद्यार्थी पाहतो.

नोकरीबाबत गोड बोलण्यात अर्थ नाही. नुसत्या पदवीवर, टिपणे पाठ करून मिळवलेल्या गुणांवर, फारसे काही हाती लागत नाही. ज्याला जीआयएस हाताळता येते, आकडेवारी तपासता येते आणि अहवाल नीट लिहिता येतो, त्याला नगररचना, पर्यावरण सल्ला, आपत्ती व्यवस्थापन आणि सर्वेक्षण यांत काम मिळू शकते. गावठाणांची ड्रोनने मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेसारख्या कामांमुळे नकाशे करणाऱ्या हातांची गरज वाढली आहे. अध्यापनासाठी नेट किंवा सेट परीक्षा आहे आणि स्पर्धा परीक्षांत हा विषय उपयोगी पडतो. पुढच्या शिक्षणासाठी मुंबई-पुण्याबरोबरच डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था हाही एक मार्ग आहे.

मोठ्या शहरात गेल्याशिवाय हे जमणार नाही, ही शेवटची शंका नेहमी येते. प्रयोगशाळा आणि संगणक तेथे अधिक चांगले असतात हे मान्य केले, तरी पदवीच्या प्रकल्पासाठी स्वतःची वाडी हेच उत्तम क्षेत्र आहे. वाडीतल्या सात-आठ विहिरी निवडाव्यात, दोरीला दगड बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर पंधरवड्याला एकाच वेळी मोजावे, आणि त्याच दिवशी ती विहीर किती घरे वापरतात, पाणी कोण आणते आणि त्यात किती वेळ जातो, हे विचारून लिहावे. पहिली नोंद नवरात्राच्या सुमारास घ्यावी, कारण तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, आणि एप्रिल-मेच्या नोंदी अजिबात चुकवू नयेत, मग परीक्षा तोंडावर असली तरी.